एका सहीचा प्रश्न

इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात. एकीचं टोपण लाल, दुसरीचं नारिंगी. लाल टोपणाची ‘चाळीस’ची, नारिंगी ‘शंभर’ची. म्हणजे ज्या इन्सुलिनच्या एका मिलीत 40 युनिट असतात त्यासाठी लाल, आणि 100 युनिट असतात त्यासाठी नारिंगी. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा चाळीसचं असतं आणि पेनात घालायचं कार्ट्रिज शंभरचं. बस, एवढंच. नर्सिंगला हे सुरुवातीलाच शिकवतात. तुमच्या घरात कुणाला डायबेटिस असेल तर तुम्हालाही माहीत असेल.

मागच्या ऑक्टोबरमध्ये सकाळी साडेसातच्या सुमारास, फिमेल मेडिकल वॉर्डात, माझ्या एका विद्यार्थिनीने शंभरच्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं. वॉर्डातली बाटली संपली होती आणि पेशंटच्या मुलाने घरचं कार्ट्रिज आणून दिलं होतं. ऑर्डर 12 युनिटची होती. तिने बाराच्या रेघेपर्यंत भरलं. लाल सिरिंजमध्ये त्या रेघेपर्यंत 0.3 मिली बसतं. म्हणजे आत 30 युनिट होते, अडीच पट. पेशंट साठीतल्या आजी, अंगाने काडी, आणि समोरचा नाश्ता तसाच झाकून ठेवलेला. पोट पुसून झालं होतं. चिमटीत कातडी धरली होती. मी मागून तिचं मनगट पकडलं.

आजींना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, “पोरीचा हात हलका आहे हो.” खरं होतं ते. हात हलकाच होता.

मी खान्देशातल्या एका जिल्ह्याच्या गावी नर्सिंगची ट्यूटर आहे. वर्गात शिकवते आणि सकाळी पोरींबरोबर वॉर्डात असते. वर्षाअखेरी त्यांच्या लॉगबुकवर सही करते. ही सही म्हणजे काय, तर ‘ही मुलगी हे काम एकटीने, सुरक्षितपणे करू शकते’ असं मी लिहून देणं. तीन वर्षांचा जीएनएम कोर्स संपला, परीक्षा झाली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली, की रात्री दोन वाजता तुमच्या आईच्या सलाइनला हात लावायचा अधिकार तिला मिळतो. आणि त्या वेळी तिच्या मागे उभं राहून मनगट धरणारं कुणी नसतं.

मी तिला इथे सतरा नंबर म्हणेन. वॉर्डात आम्ही रोल नंबरनेच हाक मारतो, फार चांगली सवय नाही, पण आहे.

सतरा नंबरची ही पहिली चूक नव्हती. दोन महिन्यांपूर्वी तिने 500 मिलीचं सलाइन आठ तासांत द्यायचं असताना थेंब अंदाजाने लावले होते. हिशेब सोपा आहे: सेटला मिलीमागे 20 थेंब, म्हणजे एकूण दहा हजार थेंब, भागिले 480 मिनिटं, मिनिटाला साधारण 21. ती घड्याळ न बघता म्हणाली, “बरोबर वाटतंय मॅडम.” मी मोजले तर चाळीसच्या वर होते. त्याआधी एकदा अर्धी गोळी द्यायच्या जागी दोन दिल्या होत्या. तेव्हा सुदैवाने गोळी साधी होती.

आणि तरीही, मला कुणी विचारलं असतं की स्वतः आजारी पडलीस तर या बॅचमधली कोण शेजारी हवी, तर मी तिचंच नाव घेतलं असतं. सतरा नंबर पावरा समाजातली, सातपुड्यातल्या पाड्यावरची. धडगावकडून पेशंट आला की बाकीच्या पोरी गांगरतात, कारण म्हाताऱ्यांना मराठी धड येत नाही. ही खाटेवर टेकून पावरी बोलायला लागते आणि चार दिवस गप्प असलेली बाई घडाघडा सांगते की पोटात कुठे दुखतं. एकदा एका आजींच्या केसांत जट झाली होती. मावशींनी कापून टाकू म्हटलं. हिने ड्युटी संपल्यावर तेल लावून दीड तास बसून ती सोडवली. हे लॉगबुकात कुठे लिहायचं असतं? त्याला रकानाच नाही.

त्या दिवशी दुपारी प्राचार्य मॅडमच्या खोलीत मी सांगितलं की मी तिच्या औषधोपचाराच्या पानावर सही करणार नाही. त्या चांगल्या बाई आहेत. त्यांनी पाणी मागवलं, पंखा वाढवला. मग म्हणाल्या, “अगं, शेवटचे चार महिने राहिलेत. आता कुठे अडवतेस? नोकरी लागली की शिकतात. आपण नाही का शिकलो?”

हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकतेय. मी स्वतःही कितीदा बोललेय. त्यात तथ्य आहेच. नवी नर्स पहिल्या दिवशी पूर्ण तयार नसते. पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 साली लिहिलेल्या पुस्तकात हेच सविस्तर मांडलंय की नर्स नवखी असते, मग हळूहळू अनुभवातून तज्ज्ञ होत जाते. पण ‘अजून शिकायचंय’ आणि ‘अजून धोकादायक आहे’ यात फरक आहे. पहिलीला पास करायचं असतं. दुसरीला नाही. अडचण अशी की दोघी वॉर्डात सारख्याच दिसतात. दोघी घाबरलेल्या, दोघी ‘हो मॅडम’ म्हणणाऱ्या.

नोकरी लागली की शिकतात, पण कुठे? माझ्या डोळ्यांसमोरून गेलेल्या बॅचचं सांगते. ज्यांचं इंग्रजी बरं, मार्क बरे, त्या पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांत गेल्या. तिथे वर सीनियर असते, इन्चार्ज असते, फार्मसी तपासते, दोन सह्या लागतात. ज्या ‘चला, ढकलू’ म्हणून ढकललेल्या, त्यातल्या बऱ्याच तालुक्याच्या गावी पंधरा-वीस खाटांच्या खासगी दवाखान्यात लागल्या. तिथे रात्रपाळीला एकच सिस्टर असते. डॉक्टर वरच्या मजल्यावर झोपलेले. जिला सगळ्यांत जास्त आधार हवा ती सगळ्यांत एकट्या जागी जाऊन उभी राहते. आणि तिथे येणारे पेशंट कोण? त्या आजींसारखेच. सतरा नंबरच्या आजीसारखेच. आपण एका गरीब मुलीवर दया करतो तेव्हा तिची किंमत बहुधा दुसरा गरीब माणूस मोजतो. फक्त तो आपल्यासमोर खुर्चीत बसून रडत नसतो.

मला वाटतं या सगळ्याचं मूळ इथे आहे. मुलगी समोर असते. तिचा चेहरा आहे, बाप आहे, फी आहे. ज्या पेशंटला पुढे कधी तरी त्रास होईल त्याला चेहरा नाही. तो अजून आजारीही पडलेला नाही. दिसणाऱ्या माणसाचं दुःख आणि न दिसणाऱ्याचं दुःख यांत मन कुणाच्या बाजूने जाणार, हे सांगायला तत्त्वज्ञ कशाला हवा?

तिचे वडील तिसऱ्या दिवशी आले. पाड्यावरून पहाटे निघून, दोन गाड्या बदलून. हातात आमचूरची पिशवी. त्या भागात उन्हाळ्यात घरोघरी कैऱ्या चिरून वाळवतात, वर्षाचा थोडा पैसा त्यातून येतो. पिशवी टेबलावर ठेवली नाही, पायाशी ठेवली. म्हणाले, “मॅडम, पोरगी कामाला मागे नाही.”

मी म्हटलं, “नाही, कामाला मागे नाही.”

“मग?”

मी त्यांना इन्सुलिनचं सांगायचा प्रयत्न केला. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “पण तुम्ही धरला ना हात.” एवढंच. आणि मग शिष्यवृत्तीचं विचारलं, वर्ष गेलं तर ती मिळेल की नाही. मला माहीत होतं ते सांगितलं, ते काही दिलासा देणारं नव्हतं. आमचूर मी घेतलं नाही. नंतर दिवसभर वाटत राहिलं की घ्यायला हवं होतं. माझ्यासाठी ती लाच, त्यांच्यासाठी रिकाम्या हाताने न जाण्याची रीत. आपल्याकडे कुणाच्या पोटावर पाय देणं यासारखं पाप नाही, आणि मी नेमकं तेच करून वर स्वच्छ हात दाखवत होते.

त्या रात्री मी स्वतःला दुसराही एक प्रश्न विचारला, तो तुम्हीही मला विचाराल. मी तिचं काम मोजतेय की तिचं इंग्रजी? तिची जात, तिचा पाडा, तिचं ‘र’ आणि ‘ड’? माझ्या घरात तीन पिढ्यांपासून शिकलेली माणसं. माझ्या तोंडून ‘ही कच्ची आहे’ हे वाक्य जितक्या सहज निघतं, तितक्या सहज ते निघावं यात संशय घेण्यासारखं खूप आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिला दहा गणितं मराठीत घातली. कागदावर आकडे, बाजूला खऱ्या सिरिंज, बाटलीत नुसतं पाणी. घाई नाही. सहा बरोबर आली. इंग्रजी प्रश्नपत्रिकेत तिला तीन यायची. म्हणजे भाषेचा दोष होता, आणि तो तिचा नव्हता. पण उरलेली चार? औषधात दहापैकी सहा म्हणजे फर्स्ट क्लास नव्हे. दहापैकी नऊसुद्धा नव्हे.

खोलात गेल्यावर कळलं की तिला त्रैराशिक कुणी कधी नीट शिकवलेलंच नाही. ‘एका मिलीत इतके, तर इतक्यांना किती मिली’, हे तिच्यासाठी पाठ केलेलं सूत्र होतं, अर्थ नव्हता. सूत्र आठवलं की उत्तर बरोबर, नाही आठवलं की ‘बरोबर वाटतंय मॅडम’.

मी तिला सांगितलं, मी सही करत नाहीये. तुला वॉर्डातलं हे पोस्टिंग पुन्हा करावं लागेल. मी तिच्या रडण्याची तयारी ठेवून बसले होते. ती रडली नाही. तिने विचारलं, “मॅडम, हे पहिल्या वर्षीच का नाही सांगितलं?”

मी तिचं लॉगबुक उघडलं. पहिलं वर्ष, इंजेक्शन: ‘गुड’. पहिलं वर्ष, तोंडाने द्यायची औषधं: ‘सॅटिसफॅक्टरी’. दुसरं वर्ष, सलाइन: ‘सॅटिसफॅक्टरी’. बाजूला सह्या. तीनपैकी दोन माझ्या.

मला आठवत होतं ते दिवस कसे होते. नियमाने दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. माझ्याकडे त्या वर्षी सव्वीस होत्या, दोन वॉर्डांत विभागलेल्या. महिनाअखेरीला सव्वीस लॉगबुकांची चळत टेबलावर यायची आणि मी चहा पीत ‘गुड’, ‘गुड’, ‘सॅटिसफॅक्टरी’ लिहीत जायचे. कुणाचं नाव वाचून थोडं थबकायचे. मग वाटायचं, पुढच्या वर्षी सुधारेल, पुढच्या वर्षीची मॅडम बघेल. पुढच्या वर्षीची मॅडम मीच निघाले.

2003 साली कॅथलीन डफी यांनी स्कॉटलंडमध्ये नेमका याच गोष्टीचा अभ्यास केला. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवणाऱ्या, तपासणाऱ्या लोकांशी त्या बोलल्या. कळलं ते असं की कमकुवत विद्यार्थी लक्षात येतात, पण शंकेचा फायदा दिला जातो, नोंदी वेळेवर होत नाहीत, शेवटच्या टप्प्यापर्यंत ढकललं जातं आणि मग ‘आता उशीर झाला’ म्हणून पास केलं जातं. नापास करणं मनाला लागतं, हेही लोकांनी सांगितलं. परदेशातही आपल्यासारखंच, हे वाचून मला पहिल्यांदा बरं वाटलं होतं. मग लाज वाटली. त्या अहवालाच्या इंग्रजी शीर्षकाचे दोन अर्थ होतात: ‘नापास होणारे विद्यार्थी’, आणि ‘विद्यार्थ्यांच्या बाबतीत आपलं चुकणं’. सतरा नंबरने तो दुसरा अर्थ एका वाक्यात विचारला होता.

इथे मला आणखी एक सांगायला हवं, नाहीतर हा लेख खोटा होईल. सतरा नंबर ही माझ्या आयुष्यातली सगळ्यांत धोकादायक विद्यार्थिनी नव्हती. ती होती पाच-सहा वर्षांपूर्वीच्या बॅचमधली चार नंबर. हुशार, इंग्रजी फाडफाड, व्हायव्हात परीक्षक खूश. एके दिवशी सकाळी मी सहा पेशंटचा टीपीआर-बीपीचा तक्ता पाहिला. सगळ्यांची नाडी 78 ते 82 मध्ये. त्यातली एक बाई तापाने फणफणली होती. तिची नाडी मी मोजली, 116. चार नंबर खाटांपर्यंत गेलीच नव्हती, स्टेशनवर बसून आकडे भरले होते. मी तिला बाजूला घेऊन रागावले. ती गोड बोलली, माफी मागितली, पुढच्या दोन आठवड्यांत मला आणखी दोनदा तसाच तक्ता सापडला. आणि वर्षाअखेरी मी तिला पास केलं. चांगल्या मार्कांनी. कारण तिला नापास करायचं तर माझ्याकडे लिहून ठेवलेलं काही नव्हतं, आणि ती हुशार होती, आणि तिचा मामा संस्थेच्या कुणाच्या तरी ओळखीचा होता. कारणं या क्रमाने लिहिली, कारण स्वतःला मी त्याच क्रमाने सांगितली होती. खरा क्रम बहुधा उलटा असावा.

सतरा नंबरला हिशेब येत नव्हता. चार नंबरला खोटं बोलायचा संकोच नव्हता. हिशेब शिकवता येतो. तरीही मी अडवलं कुणाला? जिच्यामागे कुणी नव्हतं तिला. सतरा नंबरच्या बाबतीत माझा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. पण बरोबर निर्णय घेण्याचं धैर्य मला नेमकं कुणाच्या बाबतीत सुचलं, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

चार नंबर आता एका मोठ्या शहरात आयसीयूत आहे. फेसबुकवर दिसते, हसरी. तिने कुणाचं काही नुकसान केलं का? मला कधीच कळणार नाही. वॉर्डात औषध चुकलं तर तासा-दोन तासांत दिसतं, घाम येतो, बोलणं बरळल्यासारखं होतं. सही चुकली तर काहीच दिसत नाही. त्याचा पेशंट कधी माझ्यापर्यंत येत नाही.

नर्सिंगच्या पोरी पहिल्या वर्षी पांढरा युनिफॉर्म घालून, हातात दिवा घेऊन शपथ घेतात. नाइटिंगेलच्या नावाने ओळखली जाणारी ही शपथ नाइटिंगेलने लिहिलेली नाही. ती 1893 साली अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने तयार केली. त्यात अपायकारक औषध जाणूनबुजून न देण्याचं वचन आहे. दरवर्षी मी मागच्या रांगेत उभी राहून ऐकते. या वर्षी त्या ‘जाणूनबुजून’वर अडकले. सतरा नंबरने 30 युनिट भरले ते न कळून. पोरी चुकतात त्या जवळपास नेहमी न कळून. चार नंबरच्या लॉगबुकवर मी सही केली तेव्हा मात्र मला सगळं माहीत होतं. या सगळ्या साखळीत जाणूनबुजून काही करणारं कुणी असेल तर ती शिकवणारी बाई आहे. आणि तिच्याकडून शपथ कुणी घेत नाही.

काही गोष्टी मी बदलल्या. रोज ड्युटी संपताना प्रत्येकीबद्दल एक ओळ लिहिते, आणि ती तिला तिथेच वाचून दाखवते. ‘आज तू हात न धुता ड्रेसिंग उघडलंस.’ ‘आज तू ड्रिपचे थेंब मोजलेस, बरोबर होते.’ पहिले पंधरा दिवस पोरी माझ्यापासून पळायच्या. मलाही जड जायचं, कारण तोंडावर खरं बोलणं हे वर्षाअखेरी नापास करण्यापेक्षा अवघड आहे. तिथे एकदाच वाईट व्हायचं असतं, इथे रोज थोडं थोडं. सव्वीस जणींच्या सव्वीस ओळी होत नाहीत, हेही खरं. चौदा-पंधरा होतात. उरलेल्या दुसऱ्या दिवशी. आकडा कमी होत नाही तोवर हे असंच चालणार आणि त्यात कुणी तरी सुटणार.

ब्रिटनमध्ये 2018 पासून शिकवणारी व्यक्ती आणि शेवटचा निर्णय देणारी व्यक्ती वेगळी असावी अशी व्यवस्था केली आहे. आमच्याकडे तशी सोय नाही, आम्ही तीन ट्यूटर. पण सतरा नंबरच्या बाबतीत मी प्राचार्य मॅडमना तसं करा म्हटलं. मी तिला शिकवेन, तपासायचं दुसऱ्या मॅडमनी. कारण तिला आता माझ्याबद्दल काय वाटतं ते मला माहीत आहे, आणि मला तिच्याबद्दल जे वाटतं त्यात दया आणि अपराधीपणा इतका मिसळलाय की माझ्या सहीला काही अर्थ उरलेला नाही.

गेले सहा आठवडे ती रोज दुपारी येते. आम्ही टेबलावर सिरिंज मांडतो, पाण्याची बाटली ठेवतो. दोन बाटल्यांवर चिकटपट्टी लावून मी 40 आणि 100 लिहिलंय. कधी कधी मी मुद्दाम चुकीचं टोपण जवळ सरकवते. ती ते न बोलता परत सरकवते. बोलणं कमीच. पूर्वी पाड्यावरच्या गोष्टी सांगायची, आता सांगत नाही. मागच्या आठवड्यात दहापैकी दहा आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आठ.

फेरतपासणी येत्या सोमवारी सकाळी आहे, त्याच वॉर्डात. मी त्या दिवशी पहिल्या वर्षाच्या पोरींबरोबर सर्जिकलला असेन.